गवराबाईनं मुकादमाला ओवीत घातलं

पिंपरी-चिंचवडच्या गाण्या-बजावण्याचा इतिहास म्हणून एक पुस्तिका निघाली आहे. दोन पोरं घरी आणून देऊन गेली. कागद गुळगुळीत, छपाई झकास. बँडवाले आहेत, भजनी मंडळं आहेत, कॉलनीतले कव्वाल आहेत, गणपतीतले ऑर्केस्ट्रे आहेत, लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एक जण आहे, आणि त्याचा फोटो तर अर्धं पान. मी दोनदा चाळली. गवराबाईचं नाव कुठंच नाही. अरे बाबांनो, छताखाली बसून गाणाऱ्यांची यादी केलीत, आणि ती छतं ज्यांनी गात गात चोपली त्या बायांची आठवण एकालाही होऊ नये? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहायला मी उशिरा शिकले, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण म्हटलं आता आपणच लिहावं.

माझं नाव यशोदा. माहेर मोशीचं. तोंडानं फटकळ आणि हातानं वाईट, अशी माझी ख्याती. नवऱ्यानं लग्नानंतर एकदाच हात उगारला, मी समोर चोपणं उगारलं, त्यानंतर चाळीस वर्षं संसार सुरळीत झाला. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात या हाताचा संबंध आहे.

पंचावन्न साल. पिंपरीत रेल्वेलाईनजवळच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता. नाव सांगत नाही, कारखान्याचा त्यात काही दोषही नव्हता. काम ठेकेदाराचं होतं आणि माणसं मुकादमाच्या ताब्यात होती. चाकण, मोशी, कुरुळी, भोसरी, कुठून कुठून आम्ही बाया यायचो. भिंती झाल्या, वर स्लॅब पडला, आणि मग कोब्याचं काम निघालं.

कोबा म्हणजे काय ते आताच्या पोरांना कळायचं नाही. स्लॅबवर विटांचे तुकडे आणि भिजलेला चुना यांचा थर टाकायचा आणि तो चोपून चोपून दगडासारखा करायचा, म्हणजे पावसाचं पाणी खाली उतरत नाही. चोपणं हे हातभर लाकूड, एका बाजूनं चपटं, दुसऱ्या बाजूला मूठ. आम्ही अठराजणी एका ओळीत उकिडव्या बसायचो. पाणीवाली मधून मधून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडायची. ओवीच्या एका ओळीला चार ठोके. ओवी संपली की सगळी रांग वीतभर पुढं सरकायची. मागं चोपलेलं, पुढं कच्चं. मध्येच हात थांबला तर तिथं चीर राहते आणि गच्ची नेमकी तिथंच गळते. म्हणून रांग थांबवायची नसते, आणि रांग चालवते ती गाणारी बाई. तिचं गाणं चालू तोवर आमचे हात चालू, तिचं गाणं थांबलं की हात थांबले. त्यात आम्ही विचार करत नव्हतो. कानानं ऐकलं की हात पडायचा.

ती गाणारी बाई म्हणजे गवराबाई. कुरुळीची. आम्ही तिला आत्या म्हणायचो. चाळिशी उलटलेली, विधवा, काटक, पुढचे दोन दात पडलेले. आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला लिहू. खरखरीत होता. पण अठरा चोपण्यांच्या दणदणाटावर तो असा चढायचा की खाली वाळू चाळणारी माणसं माना वर करायची. ती गाताना डोळे मिटून घ्यायची. मिटल्या डोळ्यांनीच चोपायची, पण ठोका कधी चुकला नाही आणि शेजारणीच्या बोटावर कधी पडला नाही. तिच्या शेजारी तिच्या बहिणीची मुलगी छबू बसायची. छबूचं नुकतंच लग्न झालेलं. आत्याची ओळ संपली की छबू ती उचलून वर न्यायची. त्या दोघी गायला लागल्या की माझे खांदे दुखायचे थांबायचे. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आणि ओव्या काही जुन्या नव्हत्या. आत्या तिथल्या तिथं जुळवायची. कामावर जो कोणी असेल तो तिच्या ओवीत जायचा. दादू मिस्त्री स्वतःला फार मोठा कारागीर समजायचा आणि घरी बायकोला टरकून असायचा, त्याच्यावर तिनं केली होती:

दादू मिस्तरीचा ओळंबा, धरी भिंतीशी इमान,
घरी बायकोच्या म्होरं, त्याची वाकडी कमान.

दादू आठ दिवस तोंड फुगवून बसला आणि नवव्या दिवशी स्वतःच गुणगुणायला लागला. तानाबाई पाणी घेऊन यायची, पोटुशी होती बिचारी, तिच्यावर केली:

ताना येते पाणी घेऊन, पाय पोळती चुन्यानं,
तिच्या घागरीचं पाणी, गोड लागतं गुणानं.

देहूरोडच्या डेपोतले लष्करी ट्रक रस्त्यानं जायचे. त्यातला एक सरदारजी ड्रायव्हर रोज गाडी कडेला लावून पाच मिनिटं ऐकायचा. एक शब्द कळत नव्हता त्याला. त्यालाही आत्यानं ओवीत घातलं. विटा वाहणाऱ्या गाढवाला घातलं. आणि या ओव्या गच्चीवर राहायच्या नाहीत, खाली उतरायच्या. महिन्याभरात कामगारांच्या चाळीत बाया भाकरी थापताना त्या म्हणायला लागल्या. कोणी केल्या ते त्यांना ठाऊकही नव्हतं. माणूस ओवीत गेला की तो सगळ्या माळावर गेला, असा तो हिशेब होता. आम्हाला तो मान वाटायचा.

एकच माणूस ओवीत नव्हता. अर्जुनराव मुकादम.

हा अर्जुनराव कुठल्या गावचा ते कुणाला नीट माहीत नव्हतं. पैलवानी शरीर, मिशीला तेल, हातात वेताची छडी. बोलण्याआधी छडी चालायची. बिरू नावाच्या एका वाळूवाल्याचे दात त्यानं फावड्याच्या दांड्यानं पाडले, का तर बिरूनं बिडी पेटवली. बिरू रक्त थुंकत दिवसभर वाळू चाळत राहिला. गवंड्यांची दोन टोळकी एकमेकांच्या अंगावर घालून हा खाली बसून मजा बघायचा, एकदा त्यात एकाचं डोकं थापीनं फुटलं आणि मेंदूपर्यंत दिसलं असं म्हणतात. मी नाही पाहिलं. जे पाहिलं ते सांगते. तानाबाई घागर घेऊन शिडीवरून वर येत होती, सातवा महिना, धाप लागली म्हणून वरच्या पायरीवर टेकली. अर्जुनरावानं तिच्या कमरेत लाथ घातली. घागर फुटली, खापरी तिच्या भुवईत शिरली, आणि ती गच्चीवर पोटावर पडली. तिसऱ्या दिवशी तिचं पोर मेलेलं जन्मलं. पुढच्या आठवड्यात तानाबाई परत पाणी वाहायला आली. न येऊन करते काय.

असल्या माणसाला ओवीत जायचं होतं. हसू नका, खरंच सांगते. सगळा माळ दुसऱ्यांची नावं गातो आणि आपलं नाव कुणाच्या तोंडी नाही, हे त्याला खुपायला लागलं. एक दिवस तो पान चघळत रांगेपाशी आला, अगदी गोडीत. म्हणाला, "गवराबाई, गाढवाला सुद्धा ओवी हाय तुमची. आमीच काय पाप केलं?"

आत्या चोपता चोपताच म्हणाली, "मुकादम, नाव आपसूक जिभेवर यावं लागतंय. यील तवा यील."

रांगेत खसखस पिकली. मी तर मोठ्यानं हसले, माझं तोंड कधी बंद राहिलंय. अर्जुनराव पण हसला आणि गेला. पण त्या दिवसापासून तो आत्याच्या मागं हात धुऊन लागला. भर दुपारी तिला रांगेतून उठवून विटा वाहायला लावायचा. पाणी मागितलं तर देऊ द्यायचा नाही. एकदा छडी तोंडावर मारली, खालचा ओठ फाटला. त्या फाटक्या ओठानं ती दुसऱ्या दिवशी गायली, आणि नव्यानं आलेल्या एका सुताराला ओवीत घातलं. मुकादमाला नाही.

मग बातमी आली की शनिवारी मुंबईहून मोठे साहेब लोक काम बघायला येणार. अर्जुनराव सगळ्यांसमोर बोलून बसला की साहेबांच्या समोर बाया त्याच्या नावाची ओवी म्हणतील. झालं. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार, असं त्यानं करून ठेवलं. म्हाताऱ्या बायकांनी आत्याला समजावलं, की दोन ओळी टाक, तुझं काय जातंय, हा माणूस जिवावर उठेल.  आत्याचं मन जरा हललं होतं, हे मला कळलं.

आणि तेव्हा मी नको ते बोलले. मी म्हटलं, आत्या, तानाचं पोर आठव आणि मग त्याचं नाव घे. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मान हलवून नाही म्हणाली. मला त्या वेळी फार बरं वाटलं. वीस वर्षांची होते मी, मार काय असतो ते माझ्या अंगाला ठाऊक होतं, पण जबाबदारी काय असते ते नव्हतं.

बुधवारी अर्जुनराव वर आला. त्या दिवशी त्याच्या हातात छडी नव्हती. रांग चालू होती. तो सरळ आत्याच्या पुढं उभा राहिला आणि म्हणाला, घे नाव. आत्या दुसरंच गात राहिली. त्यानं आत्याला हात लावला नाही. त्यानं छबूची वेणी धरली, तिला रांगेतून ओढत कडेला नेलं, तिचा उजवा हात विटांच्या ढिगावर ठेवला, मनगटावर गुडघा रोवला, आणि तिचंच चोपणं उचललं.

"घेतीस का न्हाई?" तो म्हणाला.

आत्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाजच आला नाही. तिनं मला नंतर सांगितलं की ती नाव घेणार होती. जुळवत होती. यमक शोधत होती ती, देवा रे, त्या वेळीसुद्धा यमक शोधत होती, कारण नुसतं नाव घेऊन चालेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात त्यानं चोपणं खाली आणलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्याला छबू ओरडली, दुसऱ्याला तिची शुद्ध गेली, तिसरा त्यानं उगाच मारला. हाडांचा आवाज चुन्यातल्या विटेच्या तुकड्यासारखाच येतो. तो आवाज मी महिनोन् महिने माझ्या चोपण्याखाली ऐकत होते, म्हणून मला ओळखू आला. अर्जुनरावानं चोपणं टाकून दिलं आणि म्हणाला, अजून एक हात हाय तिला, आणि तो खाली उतरला.

छबूला ठेकेदाराच्या ट्रकमधून पुण्याला दवाखान्यात नेलं. तीन बोटं काढावी लागली, बाकीची दोन कायमची वाकडी. लोक विचारतील की माळावर एवढी माणसं, कोणी अडवलं कसं नाही. नाही अडवलं. दादू मिस्त्री ओळंबा हातात धरून बघत उभा होता. मी सुद्धा बसल्या जागी बसून होते. माझा हात वाईट म्हणून मिरवणारी मी, माझ्या हाताला त्या वेळी मुंग्या आल्या होत्या.

गवराआत्या गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून परत आली. एकटीच. ती सरळ मुकादमाच्या खोपटाकडं गेली, आम्ही चौघीजणी लांब उभ्या राहून बघत होतो. तिनं पदर पसरला. म्हणाली, उद्या तुमाला ओवीत घालते, म्हणाल तेवढ्या ओव्या घालते, पण पोरीच्या दुसऱ्या हाताला शिवू नका. अर्जुनरावाला फार समाधान झालं. तो म्हणाला, तीन ओव्या पाहिजेत, मध्ये थांबलीस तर बघ. शुक्रवारी दुपारी सगळ्या माळासमोर ऐकायच्या होत्या त्याला, म्हणजे शनिवारी साहेबांपुढं काही चुकायला नको.

शुक्रवारी दुपारी तो आला तो नवरदेवासारखा. कोशाचा फेटा, करकरीत नव्या वहाणा, हातात परत ती छडी. खाली त्यानं सगळ्यांचं काम थांबवलं होतं, माणसं माना वर करून उभी. त्या गच्चीच्या कोब्याचा शेवटचा पट्टा उरला होता, कडेचा. कठडा अजून बांधायचा होता. कडेला एक फळी टाकलेली होती, अर्जुनराव त्या फळीवर जाऊन उभा राहिला, तोंड आमच्याकडं, पाठ मोकळ्या हवेकडं. तिथून खालच्या माणसांना तो नीट दिसत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना ओला चुना होता आणि त्याला नव्या वहाणा खराब करायच्या नव्हत्या. आमची रांग त्याच्यापासून तीनेक वितींवर होती. मी बरोबर त्याच्या समोर बसले होते. योगायोग म्हणा.

आत्यानं डोळे मिटले. आवाज चढवला.

अर्जुनराव मुकादम, उभा गच्चीच्या टोकाला,
त्याच्या नावाचा गं धाक, साऱ्या कामाच्या लोकाला.

आम्ही ठोके दिले. ओवी दोनदा म्हणायची असते, दोनदा झाली, रांग वीतभर पुढं सरकली. अर्जुनराव मिशीला हात लावून खाली बघत होता. मी माझ्या चोपण्याकडं बघत होते. छबूच्या जागी दुसरी बाई बसवली होती, तिला ओळ उचलता येत नव्हती, त्यामुळं आत्या दोन्ही ओळी एकटीच ओढत होती. दुसरी ओवी तिनं घातली:

अर्जुनराव मुकादम, त्याचा फेटा गं भरजरी,
अशा धन्याच्या हाताखाली, आमी कामाला गं बरी.

शपथेवर सांगते, ती मनापासून गात होती. तिचा आवाज खोटा नव्हता. तिला तिची पोर वाचवायची होती आणि त्यासाठी ती त्याच्या नावाची आरती ओवाळत होती.  रांग आणखी वीतभर सरकली. आता अर्जुनरावाचे पाय माझ्या चोपण्यापासून वीतभरावर होते. तो म्हणाला, बास, हितंच बसून म्हणा. पण रांग जागेवर बसून चोपत नसते. पुढचं कच्चं राहतं. आणि गाणं चालू होतं. आत्यानं तिसरी ओवी उचलली:

अर्जुनराव मुकादम, हात जोडिते मी तुला,
एक हात तरी ठेव, माझ्या छबूच्या वाट्याला.

ते ऐकलं आणि मला काही दिसेना झालं. ओव्या तिनं माणसांना दिल्या होत्या, जनावरांना दिल्या होत्या, कधी कुणापुढं हात जोडायला तिनं ओवी वापरली नव्हती. मी चोपणं उचललं आणि फळीवरच्या त्या करकरीत वहाणेवर हाणलं.

ठोक्यावर हाणलं का? नाही. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. माझा तो दणका ओवीच्या ठोक्यावर पडला नाही, आधी पडला. ठोक्याची वाट बघायला मला सवडच नव्हती.

तो ओरडला आणि त्यानं छडी माझ्या शेजारच्या सरुबाईच्या डोक्यात घातली. तिच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ डोळ्यांत आला, आणि तिनं ते न पुसता त्याच्या घोट्यावर चोपणं मारलं. पलीकडच्या दोघींनी नडगीवर मारलं. तो थांबा थांबा म्हणून ओरडत होता. आत्या टोकाला होती, तिला ओरडणं ऐकू येत होतं, पण हा माणूस रोजच ओरडायचा, आणि मध्ये थांबलीस तर बघ, असं त्यानंच सांगून ठेवलं होतं. तिनं डोळे उघडले नाहीत. ओवी दुसऱ्यांदा म्हणायला लागली. मी त्याच्या दुसऱ्या पायावर मारलं. बोटं फुटली ते मला हाताला कळलं. मग पुन्हा मारलं. तो एक पाय उचलून मागं टेकायला गेला, आणि मागं टेकायला काही नव्हतं.

खाली लोखंडी सळयांचा ढीग होता. त्याचं पुढचं मी लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना अनेक दिवस अन्न गेलं नाही. एवढं सांगते की तो लगेच मेला नाही, आणि त्याचा आवाज वर येत होता.

वर रांग चोपतच होती. गाणं थांबलं नव्हतं ना. आत्यानं ओवी पुरी केली, आम्ही वीतभर सरकलो, कडेपर्यंत आलो, पट्टा पुरा झाला. तेव्हा तिनं डोळे उघडले. समोर फळी रिकामी होती आणि फळीवर एक वहाण होती.

"मुकादम कुठं गेलं?" तिनं विचारलं.

 खालून गलका ऐकू आला, तिनं कडेला वाकून पाहिलं, आणि हातातलं चोपणं खाली ठेवलं.

फौजदार आला. ठेकेदाराला दुसऱ्या दिवशीचे साहेब दिसत होते, त्याला प्रकरण वाढवायचं नव्हतं. आत्या सोडून आम्ही सतराजणींनी एकच सांगितलं, आमी मान खाली घालून काम करत व्हतो, काही बघितलं न्हाई. खालच्या एवढ्या माणसांनी माना वर करून पाहिलं होतं, त्यांनीही तेच सांगितलं, पाय घसरला. बिरू सगळ्यांत मोठ्यानं सांगत होता, दात नसल्यामुळं त्याचं अर्धं कळत नव्हतं. एकटी गवराआत्या खरं बोलायला उभी राहिली. म्हणजे तिला जे खरं वाटलं ते. ती फौजदाराला म्हणाली, साहेब, ह्यास्नी काय विचारता, ह्यांचे हात माझ्या गाण्यावर चालत्यात. मी थांबले न्हाई म्हणून हे झालं. मला न्या. फौजदार हसला. गाणं म्हटलं म्हणून कुणाला बेडी घालता येत नाही, बाई, घरी जा, म्हणाला.

ती घरी गेली. शनिवारी साहेब आले तेव्हा आम्ही मुक्यानं चोपणी धुतली. शेजारच्या नव्या गच्चीवर दुसरी बाई गायला बसवली होती, पण ठोके जुळेनात. अर्जुनराव पडला ती गच्ची मात्र पुढं तीस वर्षं गळली नाही, असं त्याच कारखान्यात नोकरी केलेल्या माझ्या दिरानं सांगितलं. त्यातला शेवटचा पट्टा कसा चोपला गेला ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मी कुरुळीला आत्याला भेटायला गेले. सकाळची वेळ. ती अंगणात तूर भरडत बसली होती आणि समोर छबू डाव्या हातानं सूप धरून पाखडत होती. जातं फिरत होतं आणि दोघी गप्प. जात्यावर बसलेली बाई गप्प आहे, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आत्या, एखादी म्हण की. तिनं खुंटा सोडला. छबूला पाणी आणायला आत पाठवलं, आणि ती आत गेल्यावर माझ्याकडं वळली.

"यशोदे, खरं सांग," ती म्हणाली. "मी मधीच थांबले असते, तर तुमचे हात थांबले असते?"

'न्हाई' हा एकच शब्द सांगायचा होता मला. तेवढ्यानं तिचं गाणं तिला परत मिळालं असतं. पण मग तो माणूस कुणाच्या हातानं मेला, तेही तिला कळलं असतं, आणि ती मला काहीही बोलली नसती, नुसतं बघितलं असतं तिनं. मी अर्जुनरावाला घाबरले नाही तेवढी त्या बघण्याला घाबरले.

"व्हय, आत्या," मी म्हणाले. "थांबले असते."

तिनं मान हलवली, खुंटा धरला आणि जातं ओढायला लागली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, आणि त्या नऊ वर्षांत कुरुळीत तिच्या तोंडून कुणीही एक ओवी ऐकली नाही.